फांदीची सीट

४ मे, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात.

डायरी मान्तुलीने दिली. मान्तुली म्हणजे घरमालकीण. काटलेहाँगला, शहराच्या कडेच्या वस्तीत, तिच्या अंगणातल्या मागच्या खोलीत मी राहतो. तिला ही म्सोमींच्या अंत्यविधीच्या दुकानातून फुकट मिळाली होती. दर महिन्याच्या पानावर एका शवपेटीचा फोटो. ती म्हणाली, घे बाबा तुला, सकाळी सकाळी पेटी बघितली की मला चहा गोड लागत नाही. मला लागतो. मेची पेटी झकास आहे, पितळी कड्यांची.

मी बेकार नाही. बिस्किट फॅक्टरीने आम्हा सगळ्यांना एकदम सोडलं, म्हणजे मीही फॅक्टरीला सोडलंच. आता दर महिन्याला बेकारीच्या फंडातून पैसे येतात. ते आमच्याच पगारातून कापलेले. थोडक्यात, मी स्वतःच्या पैशांवर रजेवर आहे.

निश्चय: जूनपर्यंत कायमची नोकरी, शक्यतो खुर्चीतली. जूनचे पैसे आले की म्फानाफुथीदादाला घरी मसिंगाला पोचवणं. इंग्रजी सुधारणं.

दादा गेल्या वर्षी वारला. तरीही पोचवायचाय. ते नंतर लिहीन.

८ मे, शुक्रवार
लेबर ऑफिसात सहीचा दिवस. दर चौथ्या शुक्रवारी जाऊन सांगायचं की अजून काम नाही, मग पैसे सुटतात. हॉलमध्ये पत्र्याचे बाक, काचेमागे काउंटर, हातात नंबराचं तिकीट.

तीन नंबर काउंटरवर मोफोकेंग मॅडम असतात. चष्म्यावरून बघतात. म्हणाल्या, काही काम केलंत या महिन्यात? म्हटलं, नाही. म्हणाल्या, हे बघा झोंडी, अर्धवेळ मिळालं, दोन दिवसांचं मिळालं, तरी सांगायचं. सांगितलंत तर पैसे थोडे कमी होतील, बंद नाही होणार. लपवलंत तर बंद, वर दिलेलेसुद्धा परत मागू. मी म्हटलं, मॅडम, मी लपवणारा दिसतो का? त्या म्हणाल्या, नेक्स्ट.

जाताना येताना लांबच्या रस्त्याने चाललो. जवळच्या रस्त्यावर तो मोठा सिग्नल लागतो. चालणं तब्येतीला चांगलं.

१० मे, रविवार
धाकट्या बाबांचा फोन. धाकटे बाबा म्हणजे माझे चुलते. वडील गेल्यावर घरात त्यांचाच शब्द.

म्हणाले, फाकामानी, तुझ्या आईला परत तेच स्वप्न पडलं. म्फानाफुथी रस्त्याच्या कडेला उभा. गाड्या जातायत, तो मधे पाऊल टाकतो आणि परत मागे घेतो. म्हणतो, आई, थंडी वाजते, ब्लँकेट दे.

दादा त्या सिग्नलवर संत्री विकायचा. ट्रकखाली आला. देह आम्ही गावी नेला, पुरला, सगळं रीतसर. पण आत्मा जिथे माणूस पडला तिथेच राहतो. कोणीतरी फांदी घेऊन जाऊन त्याला नावाने हाक मारून घरी आणायचं असतं. तेव्हा मला फॅक्टरीत सुट्टी नव्हती. मग होती, पण मूड नव्हता.

धाकटे बाबा म्हणाले, तू तिथेच राहतोस पोरा, चालत जाशील एवढ्यावर. आम्ही इथून यायचं का? म्हटलं, जूनमध्ये नक्की. फंडाचे पैसे आले की दोन सिटांचं भाडं आणि बकरा. ते म्हणाले, नोंडाबा, मी तुला तोंड दाखवायला सांगत नाहीये, भावाला आणायला सांगतोय. आमच्या कुळाचं नाव घेऊन बोलले म्हणजे चिडले होते.

खोलीत संत्र्याच्या सालीचा वास येतोय. मान्तुलीने साबण बदलला असणार.

१६ मे, शनिवार
म्सोमींकडे तंबू लावायला गेलो. नुसती मदत. शनिवारी इथे कोण काम करतं? शनिवारी सगळं काटलेहाँग कुणा ना कुणाच्या मयताला जातं. मी नसतो गेलो तरी कुठल्यातरी तंबूत बसून भात आणि बीटच खाल्लं असतं. इथे तंबू आधी लावला, मग खाल्लं, मग खुर्च्या मोजून गाडीत भरल्या. निघताना म्सोमींनी हातात पाकीट दिलं. मयताच्या घरचं पाकीट नाकारणं अपमान.

हे काम नाही. काम म्हणजे जिथे शिव्या खाव्या लागतात. इथे लोक रडत रडत थँक्यू म्हणतात.

३० मे, शनिवार
आता दर शनिवारी. म्सोमी मला टेंट मॅनेजर म्हणतात. तंबू दोन आहेत.

साबणाबद्दल मान्तुलीला विचारलं. ती म्हणाली, माझा साबण हिरवा, कडुशार वासाचा, संत्र्याचा कुठला? आणि तुझ्या खोलीत दुपारी कोण खोकत होतं? मी म्हटलं, मीच. दुपारी मी खोलीवर नव्हतो. पण बायकांशी वाद घालू नये.

२ जून, मंगळवार
मोठी बातमी. बढती!

म्सोमींकडे नोंगोमाच्या एका कुटुंबाचं काम आलंय. म्हातारे बाबा सिबिया इथल्या मोठ्या दवाखान्यात वारले, पुरले गावी. आता आत्मा न्यायचाय. मुलगी आजारी, मुलगे खाणीत, कोणाला येता येत नाही. म्सोमी म्हणाले, आमची नवी सेवा आहे, आमचा माणूस आणून देईल. ती सेवा म्हणजे मी.

मी म्हटलं, पण मी सिबियांचा कोणी नाही. म्सोमी म्हणाले, मेलेला माणूस चेहरा नाही बघत, कुळाचं नाव ऐकतो. तू सोतोबे सोतोबे म्हणत राहा, येतो की नाही बघ.

नियम सोपे. बोरीसारख्या त्या काटेरी झाडाची फांदी घ्यायची. तिला एक काटा सरळ आणि एक मागे वळलेला. सरळ काटा कुठे जायचं ते दाखवतो, वळलेला कुठून आलो ते. माणूस मेला तिथे फांदी टेकवायची, हाक मारायची, आणि घरी पोचेपर्यंत फक्त त्याच्याशीच बोलायचं. जिवंत माणसाशी एक अक्षर नाही. शेअर टॅक्सीत त्याची वेगळी सीट, वेगळं भाडं. नदी आली की सांगायचं, नदी आली. कुठे थांबलो तर सांगायचं, थांबलो. उठताना सांगायचं, उठा. म्हातारी माणसं सांगितल्याशिवाय उठत नाहीत.

मान्तुलीला कळल्यावर ती अंगणात मोठ्याने हसली. म्हणाली, भाड्याने आत्मा वाहणार? उद्या लग्नातही नवरा भाड्याने पाठवाल. आणि मग हसणं बंद करून म्हणाली, आणि तुझा भाऊ? म्हटलं, प्रॅक्टिस होईल. ती कपडे पिळत राहिली.

एक बारीक अडचण. निघायचंय शुक्रवारी. शुक्रवारीच सही. पण लेबर ऑफिस टॅक्सी रँकच्या शेजारीच आहे. पाच मिनिटांचं काम.

५ जून, शुक्रवार, टॅक्सीत
लिहिणं म्हणजे बोलणं नाही, म्हणून लिहितोय.

सकाळी दवाखान्यात खाटेच्या पायाशी फांदी टेकवली. म्हटलं, सोतोबे, चला, तुमच्या पोरीने बोलावलंय. नर्सने पडदा ओढून दिला. फांदी उचलली तेव्हा मघापेक्षा जड होती. खरंच. बाजूच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, जा म्हातारबा, सुटलात.

लेबर ऑफिसात शिरलो तर एवढी रांग. पण हातात पांढऱ्या कापडात फांदी आणि माझे ओठ मिटलेले. दारावरच्या गार्डने टोपी काढली. रांग आपोआप बाजूला झाली. एक बाई म्हणाली, या बाबा, तुम्ही कशाला उभं राहायचं आता. गार्डने खिडकीजवळचा बाक रिकामा केला, वरची धूळ पुसली आणि फांदीला म्हणाला, बसा. मी म्हटलं, बाबा सिबिया, आपण थांबलोय, बसा जरा. दोन्ही हातांचे ठसे द्यायचे होते म्हणून त्यांना तिथे ठेवावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा नंबर पहिला लागला.

मोफोकेंग मॅडम उभ्या राहिल्या. हळू आवाजात म्हणाल्या, फार वाईट झालं. पण विचारावं लागतं. काही काम केलंत?

मला बोलता येईना. सगळा हॉल बघतोय. मी मान बाकाकडे वळवली आणि मोठ्याने म्हटलं, बाबा, या मॅडम विचारतायत मी काम केलं का. मी काम केलं नाही, बाबा. तुम्हाला माहीतच आहे. मॅडमनी डोळे पुसले. म्हणाल्या, तुमचे कोण? म्हटलं, बाबा, त्या विचारतायत तुम्ही माझे कोण. तुम्ही माझे मामा.

शिक्का पडला. मी फांदी उचलली आणि जवळजवळ पळतच बाहेर आलो. टॅक्सी भरत आली होती. डोकं चालवावं तर माझ्यासारखं. एका दिवसात फंड आणि बढती दोन्ही.

नंतर. पोंगोला नदीपाशी म्हटलं, बाबा, नदी आली. शेजारची सीट रिकामी. म्हणजे रिकामीच असणार. फांदी मात्र अगदीच हलकी वाटतेय. सकाळी ओली होती, आता वाळली असेल.

६ जून, शनिवार, नोंगोमा
सगळं उत्तम. फक्त एक गैरसमज.

म्हाताऱ्यांची बायको दारात बसली होती. आंधळी आहे. फांदी मांडीवर घेतली, पानं चाचपली, नाकाशी नेली. मग म्हणाली, हे झाड आहे. ती म्हणाली, साठ वर्षं त्याच्या शेजारी झोपले मी. तो आलेला नाही. कुठे बसवून आलास रे त्याला?

बकरा कापायला आणला तर तो ओरडेना. ओरडावं लागतं, तरच पूर्वजांनी ऐकलं म्हणतात. तो नुसता माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, बकऱ्याला सर्दी असेल. कोणी हसलं नाही.

मला जेवायला दिलं. ताट जमिनीवर ठेवलं, हातात नाही.

९ जून, मंगळवार
नीट आठवून बघितलं. ऑफिसात शिरताना थांबलो म्हणून सांगितलं, बसा म्हणून सांगितलं. उठताना उठा म्हटलं की नाही ते आठवत नाही. पण म्हणजे म्हटलंच असणार, कारण जे आपण नेहमी करतो ते लक्षात राहत नाही. नेहमी म्हणजे ही पहिलीच वेळ होती. तरी.

शिवाय दार समोरच होतं. मोठा माणूस. उठून आला असेल.

१२ जून, शुक्रवार
फंडाचे पैसे आले. म्सोमींचेही आले. दादाला न्यायचा विचार पक्का होता, पण डायरेक्टर ऑफ ट्रान्सपोर्ट (म्सोमींनी कार्डावर छापायचं कबूल केलंय) फाटक्या जर्सीत कसा फिरेल? चामड्याचं जाकीट घेतलं. दादाला न्यायलासुद्धा चांगलेच कपडे हवेत. म्हणजे खर्च दादासाठीच झाला.

धाकट्या बाबांना फोनवर सांगितलं, जुलै. मागे आई विचारत होती, कधी म्हणाला? कधी म्हणाला तो?

जाकिटाच्या खिशात संत्र्याची बी सापडली. नव्या जाकिटात. दुकानदाराची असणार.

१९ जून, शुक्रवार
म्सोमींनी बोलावून घेतलं. सिबियांची मुलगी रोज फोन करतेय. तिला स्वप्न पडतं की वडील पत्र्याच्या बाकावर बसलेत. समोर काच. हातात कागदाचा तुकडा, त्यावर नंबर. सगळ्यांचे नंबर पुकारतात, त्यांचा पुकारत नाहीत. ते पोरीला विचारतात, मी काय भरून द्यायचं राहिलंय?

म्सोमी म्हणाले, वाटेत कुठे थांबला होतास? म्हटलं, पेट्रोल पंपावर. म्हणाले, पंपावर नंबर देतात? म्हटलं, बाबा, स्वप्नात काहीही देतात.

बाहेर पडताना घाम आला होता. जाकीट गरम आहे.

३ जुलै, शुक्रवार
आज कडाक्याची थंडी.

सहीला गेलो. हॉल गच्च. तरी खिडकीजवळच्या बाकाचं एक टोक रिकामं. ऊन पडलेलं, हिवाळ्यात लोक अशा जागेसाठी भांडतात. एक नवीन पोरगा बसायला गेला तर गार्डने दंड धरून उठवला. म्हणाला, तिथे नको, तिथे कोणीतरी आहे. खोकतात ते. आम्ही संध्याकाळी दिवे घालवताना त्यांना सांगून घालवतो.

मी पार दुसऱ्या टोकाला, पाठ करून बसलो. पाठीला खोकला ऐकू येतो हे आज कळलं.

माझा नंबर लागला. मोफोकेंग मॅडमनी चष्म्यावरून नाही, सरळ बघितलं. म्हणाल्या, मामांचं व्यवस्थित झालं ना? म्हटलं, हो मॅडम, छान झालं. काही काम केलंत? मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि दार उघडलं.

सिबियांची मुलगी. काठीवर वाकलेली, सोबत एक म्हातारा, त्याच्या हातात ताजी फांदी. तिने हॉल बघितला, काच बघितली आणि म्हणाली, स्वप्नातलं ते हेच. टॅक्सी रँकजवळ असं ऑफिस दुसरं नाही. माझ्या बापाने जन्मात कधी असल्या रांगेत पाय ठेवला नाही. त्याला इथे कोणी आणलं?

गार्डने काही न विचारता बाक दाखवला. म्हाताऱ्याने फांदी टेकवली, कुळाची सगळी नावं घेतली, म्हणाला, उठा सोतोबे. फांदी उचलेना. दोन्ही हातांनी ओढली तरी वळलेला काटा बाकाच्या फटीत रुतलेला. मुलगी रडायला लागली. म्हणाली, ते नंबराची वाट बघतायत. नंबर लागल्याशिवाय ते उठणार नाहीत, फार शिस्तीचे होते.

तेव्हा मोफोकेंग मॅडमनी माईक ओढला. त्या सोथो जमातीच्या, ही फांदीची रीत आमच्या लोकांची. पण माईक ओढला आणि अगदी ऑफिसच्या आवाजात म्हणाल्या, मिस्टर सिबिया, काउंटर तीन. मिस्टर सिबिया. सगळा हॉल उभा राहिला. मॅडम काचेला म्हणाल्या, तुमचं काम पूर्ण झालं आहे, बाबा. तुम्ही घरी जाऊ शकता.

फांदी अलगद सुटली. खोकला थांबला. हॉलमधल्या बायका गायला लागल्या.

मीही गात होतो. तेवढ्यात मुलीने मला बघितलं. जाकिटाने केला घात, चारचौघांत उठून दिसतं. म्हणाली, हाच तो! याला पैसे मोजले होते आम्ही, बापाला नीट आणायचे. म्सोमींचा माणूस आहे, दर शनिवारी तंबू लावतो, त्यांनीच सांगितलं.

मोफोकेंग मॅडमचा माईक चालूच होता. त्या म्हणाल्या, दर शनिवारी?

सगळ्या हॉलने ऐकलं.

म्हणाल्या, झोंडी, तुम्ही शनिवारचं सांगितलं असतंत तर मी थोडेसे कापले असते. इतके थोडे की तुम्हाला जाणवलंही नसतं. मी म्हटलं, मॅडम, ते काम नव्हतं, मदत होती. म्हणाल्या, आणि मामा? मी काही बोललो नाही. आज मला बोलायची मुभा होती, तरी.

फंड बंद. दिलेल्यातलं परत करायचं. नेक्स्ट, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. मी निघून जाईपर्यंत थांबल्या.

६ जुलै, सोमवार
म्सोमींनी काढलं. म्हणजे त्यांनी सेवाच बंद केली, त्यामुळे पद उरलं नाही. याला काढणं म्हणत नाहीत.

सिबियांचं काम मी बिघडवलं असं सगळे म्हणतात. पण म्हातारे पोचले की नाही शेवटी? पोचले. माझ्यामुळे उशिरा, पण सन्मानाने. माईकवर नाव पुकारलं गेलं. किती जणांच्या नशिबी येतं?

१३ जुलै, सोमवार
धाकटे बाबा फोनवर. या वेळी रागावले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, तुझी आई आता आत झोपत नाही. फाटकाशी ब्लँकेट घेऊन बसते. ब्लँकेट अंगावर घेत नाही. म्हणते, तो आला की लागेल. इथे पहाटे दव गोठतं फाकामानी. ती अशी महिनाभर नाही काढणार.

म्हटलं, येतो. या शनिवारी. ते म्हणाले, दोघं या.

जाकीट विकलं. घेतल्याच्या अर्ध्याला गेलं. दुकानदार म्हणाला, वास मारतंय, संत्र्याचा.

मान्तुलीने भाड्याचं विचारलं नाही. उलट डब्यात माग्विन्या भरून दिल्या, मैद्याचे तळलेले गोळे, अजून गरम. म्हणाली, दोघांना पुरतील. आणि नीट सांग हो त्याला, ऊठ म्हणून.

१८ जुलै, शनिवार
जवळच्या रस्त्याने गेलो. सिग्नल आहे तसाच. आता तिथे दुसरा पोरगा संत्री विकतो. त्याने फांदी बघितली आणि गाड्यांमधून बाजूला झाला.

मी म्हटलं, दादा. पुढचं सगळं पाठ होतं, पण ते सिबियांच्या वेळचं. मग आमच्या कुळाची नावं घेतली, नोंडाबा, गागाशे, चल, आई बसलीय. ट्रक गेला. फांदी एकदम इतकी जड झाली की मनगट वाकलं. दादा कधी हलका नव्हताच. लहानपणी मला पाठीवर घ्यायचा, मी त्याला कधी घेतला नव्हता.

टॅक्सी रँकवर भाडं वाढलेलं. दोन सिटांचे पैसे मसिंगापर्यंत पुरेनात. एका सीटचे पुरत होते. ड्रायव्हर म्हणाला, बस की, फांदी मांडीवर घे. मी मान हलवली. ड्रायव्हर म्हणाला, अरे, फांदीला कशाला सीट? मागची एक गोगो, म्हणजे आजीबाई, त्याच्यावर ओरडली, म्हणाली, तुझा बाप मांडीवर बसून आला होता का रे?

मी बोटाने बोर्डावरचं हॅरिस्मिथ दाखवलं. तिथपर्यंत दोन सिटांचे बरोबर होतात. अर्ध्याहून जास्त वाट. तिथून घाट उतरला की आपलाच मुलूख. गोगोने मला विचारलं, तिथून पुढे कसा जाणार पोरा? नियमाप्रमाणे मी तिला उत्तर दिलं नाही. दादाला सांगितलं, पुढचं बघू.

निघताना ऊठ म्हटलं होतं. दोनदा म्हटलं.

२० जुलै, सोमवार, हॅरिस्मिथ
प्लॅन पक्का. इथे हायवेवर ट्रक धुण्याचं मोठं ठिकाण आहे. डरबनला जाणारे सगळे ट्रक थांबतात. मालकाने मला नळाकडे बोट दाखवलं, मी मान हलवली. बोलत नाही म्हणून त्याला वाटतं मुका आहे. मुक्याला अर्धवेळच ठेवतो म्हणाला, सकाळचा. चालेल. दोन सिटांचे चार दिवसांत जमतील.

फांदी पाण्याच्या टाकीमागे, वाऱ्याला आडोसा आहे तिथे. दादाला सांगितलं, थांबलोय, बस. लगेच निघतोय.

आता अर्धवेळ काम म्हणजे मोफोकेंग मॅडमना कळवायला हवं. या वेळी मी सांगणार होतो, शपथ. पण बोलता येत नाही, आणि फंडही बंद आहे.

फोन वाजतो. आई, असं येतं. उचलता येत नाही, नियम आहे. टाकीमागे जाऊन दादाला सांगतो, आईचा होता.

२५ जुलै, शनिवार
रात्री राहायला कंटेनरमध्ये जागा दिली, त्याचं मालक कापतो. साबणाचं कापतो. जमलेले दोन सिटांचे होईनात, एका सीटचे होतात. दादा म्हणेल, तू जा पुढे. तो तसाच होता. पण मी ऐकणार नाही. परत एकट्याने जाणार नाही.

समोरच्या डोंगरांवर बर्फ पडलं. दादाला सांगितलं, बर्फ आहे, बघ. त्यांच्या पलीकडे घर. इथून उतारच आहे.

फांदीची पानं गळतायत. काटे घट्ट आहेत.

३१ जुलै, शुक्रवार
आज सहीचा दिवस असता. सवयीने पहाटे उठून बसलो. दादाला म्हटलं, नंबर लावायला हवा. मग आठवलं.

आजकाल कोणी माझ्याशी बोलत नाही. आधी ट्रकवाले हात करायचे, आता माझ्या आरपार बघतात. काल मालक नळ बंद करून गेला, मी तिथेच उभा असताना, जसं कोणी नाहीच. मुक्याची सवय झाली असेल लोकांना. कपड्यांना संत्र्यांचा वास येतो. इथे संत्र्यांचे ट्रक फार.

आईने आवाज रेकॉर्ड करून पाठवलाय. ऐकणं म्हणजे बोलणं नाही, म्हणून टाकीमागे बसून दोघांनी ऐकला.

आई म्हणते, काल परत स्वप्न पडलं. रस्ता तोच, पण आता उंचावर, वारा फार. म्फानाफुथी उभा होता. त्याच्या शेजारी फाकामानी. दोघं गाड्यांकडे बघतायत, पाऊल टाकतायत आणि मागे घेतायत. म्हणतायत, आई, ब्लँकेट दे. मी फाटकाशी दोन ब्लँकेटं घेऊन बसलेय. तुमचे धाकटे बाबा दोन फांद्या तोडायला गेलेत.

मी दादाला म्हटलं, आईचं काहीतरीच. मी जिवंत आहे, तिला कोणीतरी सांगायला हवं.

मी फोन हातात धरून बसलो. सांगायला फक्त उचलायचा होता, पण उचलला तर नियम मोडतो.

वाजला. मी दादाकडे बघितलं.